कात्री हातानं चालते

माझं माहेर राधानगरी रस्त्याला. जानेवारी 2023 मध्ये संक्रांतीच्या हळदीकुंकवाला गेले होते. संध्याकाळी धाकटा भाऊ मोटारसायकलवरून मला कोल्हापुरात शिवाजी पेठेत सोडायला निघाला. ऊस हंगाम ऐन भरात होता. हळदी गाव मागे टाकलं आणि समोरून आलेल्या एका गाडीचा झोत डोळ्यांवर पडला. तो सरला तेव्हा आमच्या पुढ्यात उसानं भरलेली ट्रॉली होती. पंक्चर झाली म्हणून चालकानं ती निम्म्या रस्त्यात तशीच उभी केली होती आणि मागे दोन दगड ठेवले होते. दिवा नाही, रिफ्लेक्टर नाही, नंबरही नाही. भावानं ब्रेक दाबला, गाडी आडवी झाली आणि मी उजव्या हातावर पडले.

भावाला खरचटण्यावर निभावलं. माझ्या उजव्या मनगटाच्या हाडाचे तुकडे झाले आणि अंगठ्याकडची शीर तुटली. प्लेट बसली, नंतर आणखी एक ऑपरेशन झालं. मी ब्लाऊज शिवते, घरातल्या पुढच्या खोलीतच माझं दुकान आहे. आज माझा अंगठा पूर्ण मिटत नाही. कात्रीच्या वरच्या कडीत तो जातो, पण जोर लागत नाही. अस्तर कसंबसं कापता येतं. काठपदराचं जाड कापड मध्येच अडकतं आणि कात्री तशीच उघडी राहते. या एका गोष्टीसाठी मी अडीच वर्षं कोर्टात गेले. त्या अडीच वर्षांत मला जे समजलं ते कुणी तरी आधी सांगायला हवं होतं, म्हणून लिहिते आहे.

दवाखान्यात तिसऱ्याच दिवशी एक माणूस आला. ओळख ना पाळख, पण माझं नाव, अपघाताची जागा, सगळं त्याला माहीत होतं. "ताई, क्लेम आम्ही लावतो. तुम्हाला एक रुपया खर्च नाही. पैसे आले की त्यातले पंचवीस टक्के आमचे." त्यानं कोऱ्या कागदांवर सह्या मागितल्या. माझा उजवा हात बांधलेला, म्हणून तो अंगठा उठवून घ्यायला तयार होता. आमचे हे तेव्हा औषधं आणायला गेले होते. सासूबाईंनी त्याला, "मालक आले की बोला," असं सांगून घालवलं. त्यांच्या त्या एका वाक्यानं आम्ही वाचलो, असं मला आजही वाटतं.

पुढे ज्या वकीलबाई मिळाल्या, त्या शेजारच्या एका बाईंच्या ओळखीच्या. आम्ही त्यांना मॅडमच म्हणायचो. पहिल्या भेटीत त्यांनी फीबद्दल स्वच्छ सांगितलं. मिळणाऱ्या रकमेत वाटा ठरवून केस घ्यायला वकिलांना मनाई आहे, बार कौन्सिलचा तसा नियमच आहे. त्यांनी एक ठरावीक रक्कम सांगितली, तीन हप्त्यांत द्यायची. कागदांचा, डॉक्टरांच्या साक्षीचा खर्च वेगळा, तोही लिहून दिला. आणि जाता जाता म्हणाल्या, "ताई, तुम्ही बाई आहात. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून तुम्हाला फुकट वकील मिळू शकतो, उत्पन्नाची अट नाही. आधी तिथं जाऊन बघा, मग ठरवा." स्वतःचं काम जाईल असं सांगणारं माणूस कमी भेटतं. आम्ही त्यांनाच वकीलपत्र दिलं.

नंतर त्यांनी कागद मागितले. मी दवाखान्याच्या बिलांची पिशवी पुढे केली. त्यांनी ती बाजूला ठेवून आधी घटनास्थळाचा पंचनामा वाचला. वाचता वाचता एका ओळीवर बोट ठेवलं: 'ट्रॉलीचे मागील बाजूस रिफ्लेक्टर दिसून आला नाही.' म्हणाल्या, "ही ओळ आहे म्हणून आपली केस आहे." मागून धडकणाऱ्याचीच चूक असं लोक समजतात. पण वाहन रस्त्यात धोका होईल अशा रीतीनं उभं करून ठेवायला मोटार वाहन कायद्याच्या कलम 122 नं बंदी आहे. ही ओळ पंचनाम्यात आपोआप आलेली नव्हती. भावानं त्या रात्री मोबाईलवर फोटो काढले होते. दुसऱ्या दिवशी फिर्याद देताना त्यानं ते पोलिसांना दाखवले आणि 'फोटोत आहे ते लिवा की साहेब' म्हणून तो ठाण्यात बसून राहिला. म्हणून ट्रॅक्टरचालकावर गुन्हा नोंदला गेला. तसं झालं नसतं तर मोटारसायकलस्वाराचा हलगर्जीपणा म्हणून कागद कायमचा बंद झाला असता.

क्लेम कुणावर लावायचा हेही मला ठाऊक नव्हतं. मला वाटत होतं विमा कंपनीच्या हापिसात अर्ज द्यायचा. तसं नसतं. अर्ज मोटार अपघात दावा प्राधिकरणाकडे करायचा. आपल्याकडे ते जिल्हा न्यायालयातच, कसबा बावड्याच्या न्यायसंकुलात. सामनेवाले तीन: ट्रॅक्टरचालक, ट्रॅक्टरमालक आणि ट्रॅक्टरची विमा कंपनी. पैसे शेवटी कंपनी देते, कारण थर्ड पार्टी विमा, म्हणजे वाहनामुळं बाहेरच्या माणसाला इजा झाली तर त्याची भरपाई देणारा विमा, असतोच त्यासाठी. मुदतीचीही एक गोष्ट आहे. 1 एप्रिल 2022 पासून अपघातानंतर सहा महिन्यांच्या आत अर्ज करायचा नियम आला. त्या नियमाला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलं गेलं आहे, पण मॅडम म्हणाल्या, दुसऱ्याच्या भांडणावर आपली मुदत सोडायची नाही. हात प्लास्टरमध्ये असतानाच जून 2023 मध्ये आमचा अर्ज दाखल झाला. 'हात बरा झाल्यावर बघू' म्हणून बसलो असतो तर अडचण झाली असती.

इथं एक गाठ पडली, आणि ती कायद्यापेक्षा घरातली जास्त होती.

कंपनीनं आपल्या कैफियतीत, म्हणजे कोर्टाला दिलेल्या लेखी उत्तरात, लिहिलं की चूक मोटारसायकलवाल्याची आहे, त्याला सामनेवाला केल्याशिवाय हा अर्ज चालू शकत नाही. म्हणजे माझ्या भावाला. त्याच्या गाडीचा फक्त थर्ड पार्टी विमा होता. दुचाकीवर मागे बसणाऱ्याला त्या विम्यात संरक्षण नसतं. उद्या निम्मी चूक त्याची ठरली तर निम्मे पैसे त्याच्या खिशातून. तो रात्री घरी आला, चहाला हात लावला नाही. "आक्का, माझं नाव घाल की. गाडी मीच चालवत हुतो. तुझा हात माझ्यामुळं गेला." मी त्याला काय बोलणार? आई गेल्यापासून हे पोर माझ्याच मांडीवर वाढलंय.

दुसऱ्या दिवशी मॅडमकडे गेले ते रडतच. त्यांनी पाणी दिलं आणि समजावलं. अपघातात ज्याची स्वतःची चूक असते त्याचे पैसे त्या प्रमाणात कापतात. पण मी गाडी चालवत नव्हते, मागे बसले होते, माझी चूक शून्य. दोन वाहनांच्या चुकीनं तिसऱ्याला इजा झाली, तर तो तिसरा माणूस दोघांपैकी कुणा एकाकडूनही पूर्ण भरपाई मागू शकतो. सर्वोच्च न्यायालयानं 2015 साली खेन्येई यांच्या प्रकरणात हे स्पष्ट केलेलं आहे. भावाला सामनेवाला करणं बंधनकारक नाही. मी ते नाव त्यांच्याकडून वहीत लिहून घेतलं आणि घरी येऊन भावाला वाचून दाखवलं. पुढे तो आमचा साक्षीदार म्हणून उभा राहिला. हेडलाईट चालू होता का, वेग किती होता, समोरच्या गाडीचा झोत किती वेळ होता, सगळं त्याला उलटसुलट विचारलं. जे खरं तेच बोलला. वेग चाळीसच्या आसपास, हेल्मेट त्याच्या डोक्यावर होतं, माझ्या नव्हतं. माझ्या डोक्याला मार नव्हता म्हणून तो मुद्दा पुढे वाढला नाही. आता मी मागे बसले तरी हेल्मेट घालते.

आता सगळ्यात महत्त्वाचं, उत्पन्न. माझ्याकडे पगाराची स्लिप नाही, इन्कम टॅक्सचा कागद नाही. महिन्याला अठरा हजारांच्या आसपास सुटायचे, लग्नसराईत जास्त. पण हे दाखवायचं कशावरून? मॅडम म्हणाल्या, "दुकानात जे जे कागद आहेत ते सगळे आणा, निवडायचं काम माझं." मी गुगल पेचे पैसे आलेलं बँकेचं स्टेटमेंट नेलं, बचत गटाच्या कर्जाचे कागद नेले, मशीनची पावती नेली. आणि शेवटी लाजत लाजत मापांच्या वह्या नेल्या. सहा वह्या होत्या. प्रत्येक पानावर गिऱ्हाईकाचं नाव, उंची, छाती, बाही, गळा पुढचा-मागचा, द्यायची तारीख, शिलाई, जमा, बाकी. कोपऱ्यात त्या त्या कापडाचा टीचभर तुकडा टाचणीनं लावलेला, कारण नावं विसरते, पण कापड विसरत नाही. काही टाचण्या गंजून पानावर तांबूस डाग पडलेले. मॅडमनी एक वही उघडली आणि बराच वेळ पानं उलटत राहिल्या. "ताई, हे तुम्ही आधी का नाही सांगितलं?" मला काय ठाऊक ब्लाऊजच्या मापांना कोर्टात किंमत असते म्हणून.

उलटतपासाच्या दिवशी मी दोन रात्री झोपले नव्हते. कंपनीचे वकील आवाज न चढवता विचारत होते, त्याचीच मला जास्त भीती वाटली. आधी रेशनकार्ड काढलं. केशरी. "म्हणजे तुमच्या कुटुंबाचं वर्षाचं उत्पन्न लाखाच्या आत, असं तुम्हीच सरकारला सांगितलंय." खरं होतं. ते कार्ड सासऱ्यांच्या काळातलं, आम्ही ते कधी बदललंच नाही. मग बचत गटाचा अर्ज. त्यात मी महिना बारा हजार लिहिलं होतं, हप्ता झेपेल एवढंच दाखवावं म्हणून. तिथं माझी मान खाली गेली. नंतर वही. "ही वही केससाठी लिहिली असं माझं म्हणणं आहे." मी म्हणाले, साहेब, टाचणी गंजायला किती वर्षं लागतात ते बघा.

मग ते म्हणाले, "तुमचं शिलाई मशीन तर पायानं चालतं. पायाला काही झालेलं नाही, बरोबर?"

मी म्हणाले, "मशीन पायानं चालतं. कात्री हातानं चालते. कापल्याशिवाय शिवायचं काय?"

न्यायाधीशांनी मान वर करून माझ्या हाताकडे बघितलं आणि ते वाक्य तसंच लिहून घ्यायला सांगितलं. मी हुशारीनं बोलले नव्हते, तोंडातून तेच आलं. पण बाहेर आल्यावर मॅडमनी माझा खांदा दाबला.

डॉक्टरांच्या साक्षीला सगळ्यात जास्त वेळ गेला. अपंगत्वाचा दाखला सीपीआरमधून, म्हणजे छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालयातून मिळाला होता: उजव्या हाताचं 28 टक्के कायमचं अपंगत्व. मला आधी वाटलं तेवढेच 28 टक्के पैसे मिळणार. हिशेब तसा नसतो, आणि हे मी दहा जणींना तरी समजावून सांगितलं आहे. शरीराचं किती टक्के गेलं यापेक्षा कमाईची ताकद किती टक्के गेली, हे बघायचं असतं. राजकुमार विरुद्ध अजयकुमार या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं हाच फरक सांगितला आहे. डावा हात तुटला तर सुताराची किंवा ड्रायव्हरची कमाई जवळजवळ पूर्ण बुडते, पण सरकारी कारकुनाची नोकरी कदाचित टिकते. मॅडमनी डॉक्टरांना एकच विचारलं, या हातानं दिवसाला किती वेळ कात्री चालवता येईल? डॉक्टर म्हणाले, अर्ध्या तासाच्या वर नाही, तेही दुखत.

मधल्या काळात दोन गोष्टी घडल्या. कंपनीकडून चौकशीला आलेला एक माणूस दुकानात येऊन फोटो काढून गेला, आणि 'नुसती पोच आहे' म्हणत एक टाईप केलेला कागद सहीसाठी पुढे करत होता. मी केली नाही. तसा कागद आला तर आधी वकिलाला दाखवावा.

दुसरी गोष्ट लोक अदालतीची. साक्षी संपल्यावर कंपनीनं चार लाखांत तडजोड पुढे केली. चार लाख! सासूबाई म्हणाल्या, "घे की बाई, हातात पडलेलं आपलं." आमच्या गल्लीतल्या एकांनी तसे घेतले होते, त्यांच्या मुलीचं लग्न होतं, त्यांना ते बरोबरच पडलं. तिथं लगेच निकाल लागतो, खेटे वाचतात. पण लोक अदालतीतला निवाडा अंतिम असतो, त्यावर अपील नाही. मॅडमनी 'घ्या' किंवा 'नका घेऊ' काहीच म्हटलं नाही. एका कागदावर हिशेब मांडून दिला आणि घरी नेऊन विचार करा म्हणाल्या. वकील निवडताना मी आता हेच बघेन, की तो निर्णय माझ्यावर लादतो की मला हिशेब समजावतो. आम्ही दोघांनी रात्री तो कागद चार वेळा वाचला आणि नाही म्हणालो.

सप्टेंबर 2025 मध्ये निकाल लागला. कागदावरचा हिशेब आणि निवाडा जवळपास जुळला. माझं उत्पन्न महिना बारा हजार धरलं, अठरा नाही. बचत गटाच्या अर्जातला आकडा आडवा आला. त्याचं मला वाईट वाटतं, पण चूक माझी होती. हप्त्यासाठी असो, रेशनसाठी असो, कागदावर कमाई खरी लिहायची, हे मी आमच्या गटातल्या बायकांना आता दर बैठकीत सांगते. वर्षाचे झाले 1,44,000. स्वतःचा धंदा आणि वय चाळीसच्या आत, म्हणून पुढच्या वाढीचे 40 टक्के मिळवून 2,01,600. अपघाताच्या वेळी मी 38 वर्षांची होते. सरला वर्मा प्रकरणात 2009 साली ठरलेल्या तक्त्याप्रमाणे 36 ते 40 वयाला 15 नं गुणतात. झाले 30,24,000. त्यात कमाईचं नुकसान 40 टक्के धरलं, 28 नाही: 12,09,600. शिवाय दवाखान्याची 1,91,000 ची बिलं मान्य झाली. तेवीस हजारांची बिलं नाकारली, कारण मेडिकलवाल्यानं ती नाव न घालता दिली होती. सहा महिने काम बंद होतं त्याचे 72,000, वेदनांचे, आयुष्यातला आनंद गेल्याचे, येण्याजाण्याचे आणि मदतीला माणूस लागलं त्याचे मिळून 1,30,000. सगळे मिळून 16,02,600, आणि अर्जाच्या तारखेपासून 7 टक्के व्याज. निम्मी रक्कम तीन वर्षं बँकेत ठेव म्हणून ठेवायचा आदेश झाला.

नव्वद दिवस कंपनीला अपिलाची मुदत होती. ते दिवस माझे सगळ्यात वाईट गेले. पूर्वी अपील म्हटलं की मुंबई, आणि मुंबई म्हटली की आमच्यासारख्यांचा धीर सुटायचा. पण 18 ऑगस्ट 2025 पासून उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच कोल्हापुरातच सुरू झालंय, तेही सीपीआरसमोरच्या जुन्या कोर्टाच्या इमारतीत. आमच्या घरापासून चालत पंधरा मिनिटं. मॅडम म्हणाल्या, "केलंच अपील तर चालत जाऊ." तेवढ्यानंच बरं वाटलं. कंपनीनं अपील केलं नाही, डिसेंबरमध्ये रक्कम भरली.

पहिल्या पैशातून उसने फेडले आणि कटिंगसाठी वारणा खोऱ्यातली एक मुलगी पगारावर ठेवली. मापं मी घेते, खडूनं रेघा मी मारते, ती कापते, आणि मशीनवर मी बसते. भाऊ आला की दुकानाच्या उंबऱ्यावरच बसतो आणि ती कापत असताना कात्रीकडे बघत राहतो. मी त्याला आत बोलावते.

मुदत संपल्यावर मॅडमनी अर्ज देऊन माझ्या मूळ वह्या कोर्टातून परत मिळवल्या. पहिल्या पानावर शिक्का आहे, निशाणी क्रमांक आहे. सहाव्या वहीची शेवटची अकरा पानं कोरी राहिली होती. त्यातल्या पहिल्या पानावर मी डाव्या हातानं एका नवरीचं माप लिहिलंय. अक्षर वाकडं आहे. कोपऱ्यात हिरव्या पैठणीचा तुकडा टाचला आहे.